बॉस हरत नाही म्हणून लेव्हल वाढवत बसू नका: जेआरपीजीच्या लढाईत या चुका टाळा

बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या तगड्या शत्रूने, दोनदा लोळवलं की बहुतेक जण मागे फिरतात, दोन-तीन तास किरकोळ शत्रू मारून लेव्हल वाढवतात आणि परत त्याच बॉससमोर त्याच पद्धतीने उभे राहतात. कधी जिंकतातही, पण लढाई कळलेली नसते, म्हणून पुढचा बॉस पुन्हा अडवतो. जेआरपीजीतली, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या जपानी आरपीजी व्हिडिओ गेममधली, लढाई ताकदीपेक्षा डावांची असते. कोणाला किती डाव मिळतात आणि ते कुठे वाया जातात, हे आधी बघायचं. चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळलेल्याला हे समजवावं लागत नाही: सोंगटी गेली की स्ट्रायकर पुन्हा आपल्याच हातात, आणि फाउल झाला की डावही जातो, वर घेतलेली सोंगटी परत ठेवावी लागते.

डाव कुठे गळतात ते मोजा

'शिन मेगामी टेन्सेई'मधली प्रेस टर्न पद्धत जवळपास अशीच आहे. तुमचे चार जण मैदानात असतील तर स्क्रीनवर चार चिन्हं दिसतात. साध्या फटक्याला एक चिन्ह खर्च होतं. शत्रू ज्या तत्त्वाला (आग, वीज, वारा वगैरे) कमकुवत आहे त्याचाच फटका बसला किंवा क्रिटिकल म्हणजे जादा जोराचा फटका लागला, तर अर्धंच जातं आणि उरलेलं अर्धं लुकलुकत राहतं. म्हणजे सगळं जमून आलं तर चार चिन्हांत आठ डाव. फटका हुकला किंवा शत्रूवर त्याचा परिणामच झाला नाही, तर दोन चिन्हं जातात. त्याने तो शोषून घेतला किंवा उलटवला, तर उरलेली सगळीच जातात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे शत्रूंची माहिती नसताना सर्वांवर एकदम पडणारी जादू वापरणं. समोर तीन शत्रू आहेत, दोघे आगीला कमकुवत आहेत आणि तिसरा आग शोषून घेणारा आहे. दोघे भाजले तरी हिशेब तिसऱ्याचा धरला जातो आणि तुमची फेरी तिथेच संपते. अनोळखी शत्रूवर आधी एकेकट्याला लागणारी जादू वापरून बघा. कोणाला काय चालतं हे कळल्यावरच मोठी जादू काढा.

हाच नियम शत्रूलाही लागू आहे, आणि ते बरेच जण विसरतात. तुमच्यातला एक जण विजेला कमकुवत असेल, तर बॉसची प्रत्येक वीज त्याला जादा डाव मिळवून देते. अशा साथीदाराला बाहेर बसवा, मग तो तुमचा सगळ्यात जोरात मारणारा का असेना.

याच मालिकेतल्या 'नॉक्टर्न'मधला माटाडोर हा बॉस यातच कितीतरी जणांना अडकवतो. तो 'रेड कपोटे' वापरतो आणि त्याची नेम धरण्याची व चुकवण्याची क्षमता एकदम टोकाला जाते. मग तुमचा पहिला फटका हुकतो, दोन चिन्हं गेली. दुसरा हुकतो, फेरी संपली. चार जण असून दोनच फटके, आणि तेही हवेत. यात तुमची ताकद कमी पडलेली नाही, डाव गळालेत. उपाय या क्रमाने करा:

आधी वाऱ्याला म्हणजे फोर्स तत्त्वाला कमकुवत असलेले राक्षस (या खेळात तेच तुमचे साथीदार) संघातून बाहेर काढा आणि त्या तत्त्वाचा परिणाम न होणारे घ्या, कारण माटाडोरची 'माझान' ही वाऱ्याची जादू सगळ्यांना एकदम लागते. नायकाला 'हिफुमी' मागातामा (अंगी शक्ती देणारी वस्तू) द्या. मग स्वतःच्या बाजूला नेम आणि चपळाई वाढवणारी 'सुकुकाजा' आणि माटाडोरवर तीच कमी करणारी 'सुकुंदा' किंवा 'फॉग ब्रेथ'. या खेळात हे परिणाम चार वेळा एकावर एक चढतात आणि वेळेनुसार उतरत नाहीत, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या एकही फटका न मारता यातच घालवल्या तरी चालतं. फटके लागायला लागले की मगच मारायला सुरुवात करा.

एका खेळाची सवय दुसऱ्यात नेऊ नका

'पर्सोना 5' त्याच घराण्यातला, पण तिथे हेच परिणाम तीन टर्नमध्ये उतरतात. सुरुवातीलाच सगळे चढवून ठेवणारा चौथ्या टर्नला उघडा पडतो. बॉसच्या मोठ्या हल्ल्याची चाहूल लागली की तेव्हा चढवा. शिवाय इथे नायक पडला की खेळ संपला, बाकीचे तिघे ठणठणीत असले तरी. तत्काळ मृत्यू देणाऱ्या 'हामा' आणि 'मुडो'पासून वाचण्यासाठी नायकाकडे त्यांना दाद न देणारा एक पर्सोना (लढाईत बोलावायचं शक्तिरूप) कायम असावा, नाहीतर बॅगेत 'होमंक्युलस' ही त्यातून वाचवणारी वस्तू ठेवा.

'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'मध्ये गडबड उलटी होते. दर टर्नला एक बीपी (फटका वाढवणारा बूस्ट पॉइंट) मिळतो, पाचपर्यंत साठतो आणि एका वेळी तीन वापरता येतात. पण ज्या टर्नला वापरला त्याच्या पुढच्या टर्नला नवा मिळत नाही. नवखे लोक बीपी आला की खर्च करतात. मग शत्रूची ढाल (कमकुवत बाजूवर फटका बसला की कमी होणारा आकडा) शून्यावर येऊन तो 'ब्रेक' होतो, म्हणजे उघडा पडतो, तेव्हा कोणाकडेच काही शिल्लक नसतं. ही राणी घेऊन कव्हर हुकवण्याची गत: राणी परत बोर्डावर. ढाल एकवर आली की थांबा, निदान दोघांकडे तीन-तीन बीपी जमू द्या. मग शत्रूचा डाव यायच्या आधी ढाल फोडा, म्हणजे त्याचा चालू फेरीतला डाव बुडतो आणि पुढचाही.

लेव्हलच्या बाबतीतही तसंच. 'फायनल फँटसी 8'मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्या सरासरीबरोबर वाढते. तिथे तासन्‌तास मारामारी करून काहीच हाताला लागत नाही, खरी ताकद 'ड्रॉ' करून म्हणजे खेचून जमवलेली जादू 'जंक्शन' करण्यात, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आकड्यांना जोडण्यात आहे. याउलट 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स'मध्ये शत्रू तुमच्यापेक्षा बराच वरच्या लेव्हलचा असेल तर फटके सारखे हुकतात. तिथे मात्र मागे फिरून लेव्हल वाढवणं रास्त आहे.

वेळेवर चालणाऱ्या लढाया

1991 च्या 'फायनल फँटसी 4'पासून एटीबी (ॲक्टिव्ह टाइम बॅटल) पद्धत आली: पट्टी भरते, मग तुमचा डाव. मूळ 'फायनल फँटसी 7'मध्ये घाई होत असेल तर कॉन्फिगमध्ये जाऊन 'वेट' निवडा. पण या मोडमध्ये वेळ फक्त जादू किंवा वस्तूंची यादी उघडी असतानाच थांबते, मुख्य मेनूवर नाही. विचार करायचा असेल तर यादी उघडून करा.

'फायनल फँटसी 7 रीमेक'मधली चूक म्हणजे सगळी लढाई एकट्या क्लाऊडने, म्हणजे नायकाने, लढणं. ज्याला तुम्ही चालवता त्याचीच एटीबी पट्टी भराभर भरते, बाकीच्यांची रखडते. बॅरेट आणि टिफा या साथीदारांनाही आलटून पालटून चालवत राहा. शत्रू 'प्रेशर्ड' (दबावाखाली) दिसला की क्लाऊडचा 'फोकस्ड थ्रस्ट' मारा, स्टॅगरची म्हणजे शत्रू कोलमडण्याची पट्टी तेव्हाच झपाट्याने भरते. स्टॅगर झालेल्याला 160 टक्के नुकसान बसतं आणि टिफा तो आकडा आणखी वर नेते. म्हणून ती पट्टी भरत आली असेल तर एटीबी जपून ठेवा. आमच्या मते वेळ आणि हुकूम यांची सरमिसळ करणाऱ्या आजवरच्या पद्धतींमध्ये ही सगळ्यात नीट जमलेली आहे, आणि बटणं बडवत खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

बरेचदा दोष खेळाचा नसतोच. टीव्ही गेम मोडवर नसेल तर बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यात अंतर पडतं, आणि 'टेल्स ऑफ अराइज'मध्ये अचूक वेळी चुकवणं हातातून निसटतं. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाजही उशिरा येतो. अशा खेळाला वायरचे वापरा.

डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, कोपर अंगाशी धरून वेळ साधायची लढाई होत नाही. ती घरी ठेवा. गाडीत टर्नवर चालणारे खेळ न्या, किंवा 'रीमेक इंटरग्रेड'मध्ये 'नॉर्मल क्लासिक' निवडा: पात्रं आपोआप लढतात, हुकूम तेवढा तुम्ही द्यायचा. दादर आलं म्हणून स्विच (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) झोपवून बॅगेत टाकला, तर तो सेव्ह नव्हे. झोपेत बॅटरी पूर्ण उतरली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. 'नॉक्टर्न'च्या एचडी आवृत्तीत कुठेही तात्पुरता सेव्ह करता येतो. दरवाज्याकडे सरकायच्या आधी तो करून घ्या.