सात का साठ? व्हिडिओखाली शांत गिटार लावताना या चुका टाळा

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यासाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. राजापुरी हळदीचे सौदे, त्यांचं बोलणं आणि खाली मंद अकूस्टिक गिटार. रात्री हेडफोन लावून ऐकताना मीच खूश. सकाळी त्यांनी यार्डातल्या गोंगाटात मोबाईलवर लावला नि म्हणाले, "वाजतंय झकास, पण पोती सात म्हणालो का साठ, तेच कळंना की!"

चूक माझीच. ट्रॅक नुसता ऐकून पसंत केला होता, बोलण्याखाली लावून नाही. मोबाईलच्या स्पीकरमधून खर्जातले स्वर जवळपास येतच नाहीत. उरते ती तारांची टणटण आणि बोट सरकताना होणारी चिरचिर. 'त' आणि 'ठ' वेगळे कळतात ते मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपासच्या आवाजावर, आणि स्टीलच्या तारांची टणटण नेमकी तिथंच येऊन बसते. नुसतं व्हॉल्यूम कमी करून भागत नाही; गिटार ऐकूच येईनाशी होते, तरी चिरचिर टोचत राहते. मी नायलॉन तारांचा, कमी सुरावटीचा ट्रॅक घेतला, ईक्यूत (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करायच्या सोयीत) त्या पट्ट्यातून ३-४ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) काढले आणि संगीत बोलण्याच्या १५ ते २० डीबी खाली ठेवलं. साठ पोती स्पष्ट ऐकू आली.

दुसरी फजिती मिरजेत. सतारमेकर गल्लीत एक कारागीर तंबोरा जुळवत होते, तो आवाज चित्रीकरणात आलेला. त्याखाली मी गिटार घातली. अर्ध्या मिनिटात कानाला कसंतरी व्हायला लागलं, आणि कारण कळायला मला दोन दिवस लागले! गिटार सहसा ४४० हर्ट्झच्या मापानं लावलेली असते, तिचे पडदे ठरलेले. तंबोरा लागतो गाणाऱ्याच्या पट्टीत. दोन षड्ज एकमेकांच्या जवळ, पण एक नाहीत. ट्रॅकची पट्टी सॉफ्टवेअरमध्ये थोडी सरकवून जमतं कधीकधी, पण ताणली की गिटार प्लास्टिकची वाटते. शेवटी तिथं गिटार काढूनच टाकली. चित्रात वाद्य वाजत असेल तर खाली दुसरं वाद्य घालायचंच कशाला?

लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा, जोड ऐकून बघा. शेवटचा स्वर घुमत असतानाच ट्रॅक कापला की उचकी लागल्यासारखं होतं.

परवान्याबद्दल मात्र गाफील राहू नका. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे; एकदा परवाना घेतला की दर वापराला पैसे नाहीत, एवढंच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (रचनाकारानं अटी घालून वापरायला दिलेल्या) ट्रॅकवर 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) असेल तर दुकानाच्या जाहिरातीला तो चालत नाही. 'एनडी' (बदल नको) असेल तर व्हिडिओला जोडताच येत नाही, कारण चित्राशी जुळवणं हाही बदलच धरला जातो. जुनी धून आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, पण त्या धूनेच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. परवान्याची पावती व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा. रीतसर घेतलेल्या ट्रॅकवरही यूट्यूबचा कंटेंट आयडी (दुसऱ्याचं संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा) कधीकधी हक्काचा दावा लावतो, तेव्हा तीच पुढं करावी लागते.