पीएनआर हातात आहे, पण तिकीट कुठे आहे?

विमानाच्या तिकिटिंगला नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात रेल्वे असते. आपण सगळे तिच्यावरच वाढलो. दहा आकडी पीएनआर मिळाला, पैसे आधीच कापले गेले, आता वेटिंग कितीवर आलं तेवढं बघत बसायचं. तिथे आरक्षण आणि तिकीट ही एकच नोंद असते. विमानाच्या धंद्यात तसं नसतं, आणि कोर्समध्ये ही गोष्ट एका स्लाइडवर उरकतात. माझी सुरुवातीची वर्षं या एका फरकाने खाल्ली, म्हणून आज तीच जरा घोळवून सांगणार आहे. जीडीएस म्हणजे एजंटला अनेक एअरलाइन्सच्या सीटा एकाच जागी बघू नि बुक करू देणारी यंत्रणा, आणि अमॅडियस, सेबर, गॅलिलिओ ही तशा यंत्रणांची नावं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

समजा मुंबई–फ्रँकफर्ट–बोस्टन असं बुकिंग केलंत. एंड ट्रान्झॅक्शन (बुकिंग सेव्ह करायची कमांड) मारलं आणि सहा अक्षरी पीएनआर आला. ही जीडीएसमधली नोंद. त्याच वेळी एअरलाइनच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये दुसरी नोंद उघडते. एअरलाइन तुमच्याच जीडीएसच्या यंत्रणेवर चालत असेल तर दोन्हींचा कोड सारखाच निघतो, नाहीतर वेगळा. वेबसाइटवर सीट निवडायला प्रवाशाला हा दुसरा कोड लागतो. तिसरी नोंद ई-तिकिटाची. नंबर तेरा आकडी, पहिले तीन आकडे एअरलाइनचे: एअर इंडिया ०९८, लुफ्तान्सा २२०, एमिरेट्स १७६. इश्यू केल्याशिवाय ही नोंद जन्मालाच येत नाही. पीएनआरमध्ये एचके दिसतंय याचा अर्थ एवढाच की सीट धरलेली आहे. पैसे आणि प्रवासाचा हक्क तिकिटात. टाइम लिमिट उलटली की धरलेली सीट एअरलाइन काढून घेते आणि क्लायंट मात्र ‘कन्फर्म’ लिहिलेली प्रिंट घेऊन निवांत असतो.

हे असं का, तर अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने १९६०च्या सुमारास सेबर उभी केली ती सीटांचा हिशोब ठेवायला. तिकीट तेव्हा प्रवाशाच्या हातात होतं, कागदाचं, प्रत्येक टप्प्याला एक कूपन. आयाटाने (एअरलाइन्सची जागतिक संघटना) १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद केली. कागद गेला, कूपनं राहिली. ती आता एअरलाइनच्या तिकीट डेटाबेसमध्ये असतात आणि प्रत्येकाला स्वतःचं स्टेटस असतं: ओपन, चेक्ड-इन, फ्लोन, एक्स्चेंज्ड, रिफंडेड, व्हॉइड.

आता सापळा. नीट वाचा, हा परिच्छेद लांबणार आहे.

तिकीट इश्यू झालंय, प्रवासाला तीन महिने आहेत. मधेच एअरलाइनने वेळापत्रक बदललं. मुंबईची फ्लाइट उशिरा पोचणार, बोस्टनचं कनेक्शन हुकणार, म्हणून त्यांनी प्रवाशाला पुढच्या फ्लाइटवर टाकलं. तुमच्या क्यूमध्ये, म्हणजे लक्ष घालायच्या बुकिंगच्या यादीत, पीएनआर येतो. उघडलात तर जुन्या बोस्टन सेगमेंटपुढे (टप्प्यापुढे) यूएन, म्हणजे ही फ्लाइट आता नाही, आणि नव्यापुढे टीके, म्हणजे बदललेल्या वेळेवर कन्फर्म. तुम्ही क्लायंटला फोन करता, तो हो म्हणतो, तुम्ही ईआरके (बदल मान्य करून सेव्ह करायची अमॅडियसची कमांड) मारता. यूएनची ओळ गळते, टीकेचं एचके होतं. स्क्रीन स्वच्छ. क्यूमधून पीएनआर काढता, नवीन आयटिनररी मेल करता, काम झालं. झालेलं नसतं! तुम्ही बदललंत ते बुकिंग. तिकिटाचं दुसरं कूपन अजून जुन्याच फ्लाइटला चिकटलेलं आहे. पीएनआरच्या खाली तिकीट नंबर तसाच दिसत राहतो, त्यामुळे शंकाही येत नाही. काही एअरलाइन्स स्वतःहून तिकीट रीव्हॅलिडेट करतात (तेच तिकीट नव्या फ्लाइटला जोडतात), काही करत नाहीत, आणि काही एका बदलाला करतात नि दुसऱ्याला करत नाहीत. म्हणून ईआरके नंतर टीडब्ल्यूडी मारून तिकिटाची इमेज उघडायची. एकेक कूपन बघायचं: फ्लाइट नंबर नवा आहे का, तारीख जुळते का, स्टेटस ओपन आहे का. जुळत नसेल तर त्या एअरलाइनची शेड्यूल चेंज पॉलिसी वाचून रीव्हॅलिडेशन किंवा इन्व्हॉलंटरी रीइश्यू (एअरलाइनने केलेल्या बदलामुळे तिकीट नव्याने काढणं). त्यात एंडॉर्समेंटमध्ये (तिकिटावरच्या शेऱ्याच्या रकान्यात) काय लिहायचं हेसुद्धा पॉलिसीत असतं, ते अक्षरशः तसंच लिहायचं.

हे न केल्याचा परिणाम मी डेस्कवरून ऐकलाय. मुलीच्या बाळंतपणाला निघालेले काका-काकू, रात्रीचं विमान, लोणच्याच्या बरण्या बांधलेल्या बॅगा वजनकाट्यावर. काउंटरवरच्या मुलीला त्यांचं नाव दिसत होतं, सीट दिसत होती, त्या फ्लाइटचं तिकीट दिसत नव्हतं. तिचं काही चुकलेलं नव्हतं. तिची सिस्टिम नव्या फ्लाइटसाठी ओपन कूपन शोधत होती आणि कूपन जुन्या फ्लाइटवर बसलं होतं. रात्री त्या वेळी ऑफिसात कुणी असेल तर दहा मिनिटांचं काम, नसेल तर विमान गेलं.

घाबरू नका. दर शेड्यूल चेंजला टीडब्ल्यूडी, ही सवय लागली की हा प्रकार पुन्हा होत नाही.

बाकीचं भराभर सांगते. अव्हेलेबिलिटीत (रिकाम्या सीटांच्या स्क्रीनवर) क्लासपुढे, म्हणजे भाड्याच्या वर्गापुढे, ९ दिसतो त्याचा अर्थ नऊ किंवा त्याहून जास्त. आणि एका क्लासचे चार, दुसऱ्याचे नऊ अशी बेरीज करू नका. बहुतेक वेळा त्याच खुर्च्या वेगवेगळ्या भावाने दाखवलेल्या असतात. स्वस्त क्लासमध्ये एकच सीट उरली आणि पॅक्स (प्रवासी) दोन असतील तर सिस्टिम दोघांनाही वरच्या क्लासचा भाव लावते. दोन पीएनआर करून एकाला स्वस्तात बसवता येतं, पण मग एक फ्लाइट बदलली तर दोघांची ताटातूट होऊ शकते, हे क्लायंटला आधी सांगा.

नावाबाबत आपल्या लोकांची कायमची गडबड. पासपोर्टच्या गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही घ्यायचं, क्लायंट फोनवर काय सांगतो ते नाही. पासपोर्टची प्रत आल्याशिवाय नाव टाकू नका. बोर्डिंग पासवर सगळं जोडून छापून येतं, त्यावरून फोन येतील. ते ठीक असतं.

मॅरीड सेगमेंट (एअरलाइनने एकत्रच विकायला जोडलेले टप्पे) तोडणं, तीच सीट परत परत बुक करून टाइम लिमिट लांबवणं, खोट्या नावाने सीट धरणं, हे कुणी ‘ट्रिक’ म्हणून शिकवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. एअरलाइनचं ऑडिट यंत्र करतं, त्याला तुमची अडचण कळत नाही. एडीएम (एजंटकडून पैसे वसूल करणारं एअरलाइनचं बिल) प्रवास संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत येऊ शकतो, तोवर ट्रिक शिकवणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि तिकिटावर साइन (लॉगिनची खूण) तुमची असते.

माझं आणखी एक मत, पटलं तर घ्या. बटणांचा स्क्रीन सोपा आहे, पण सुरुवातीचे काही महिने क्रिप्टिकवरच (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवरच) काम करा. बटण दाबल्यावर आत कोणती नोंद बदलली ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कमांडच्या पीडीएफचा उपयोग माझ्या मते शून्य. सिस्टिमचं हेल्प पान त्यापेक्षा चांगलं आहे. आणि गुरू निवडताना सर्वांत जलद टाइप करणारा सीनियर निवडू नका. फेअर रूल (भाड्याच्या अटी) वाचताना जो ओठ हलवतो, त्याच्या शेजारची खुर्ची पकडा.

लो-कॉस्टच्या पोर्टलवर शिकलेल्यांना हे सगळं उगाच अवघड वाटेल. इंडिगो ज्या नॅव्हिटेअर नावाच्या बुकिंग सिस्टिमवर चालते तिथे वेगळं तिकीट मुळात नसतं, बुकिंग आणि पैसे एकाच नोंदीत, जवळजवळ आपल्या रेल्वेसारखं. गंमत अशी की आयाटाला मोठ्या एअरलाइन्सनाही तिकडेच न्यायचंय: वन ऑर्डर नावाने पीएनआर आणि ई-तिकीट मोडून एकच ऑर्डर ठेवायची. ते सगळीकडे होईपर्यंत आपलं पोट या दोन नोंदींमधल्या फटीवर चालणार आहे. साधं मुंबई–दुबई तिकीट लोक मोबाइलवर काढतात, ते तुमच्याकडे येणार नाही. येईल तो अर्धा प्रवास झालेला विद्यार्थी, रद्द झालेलं कनेक्शन, तीन एअरलाइन्स एका तिकिटावर. म्हणून मुलाखतीला जाण्यापूर्वी ट्रेनिंग मोडमध्ये रीइश्यूचा सराव करा: पहिलं कूपन वापरलेलं, दुसरं ओपन, टॅक्सचा फरक हाताने काढायचा. कागद-पेन घेऊन बसा, पहिल्यांदा आकडा जुळणार नाही. माझाही बरेच दिवस जुळत नव्हता.