पिकअप बदलण्याआधी थांबा: इलेक्ट्रिक गिटारच्या टोनबाबत या चुका टाळा

आवाज गढूळ येतो, चिरका येतो, सोलो बँडमध्ये ऐकूच जात नाही. तक्रार कोणतीही असो, बहुतेक जण आधी नवे पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, चुंबक आणि तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल असलेले भाग) शोधायला लागतात. माझं म्हणणं एवढंच, की पिकअप एकटा काही करत नाही. तो, गिटारमधले पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रेझिस्टर), केबल आणि अँपचं इनपुट हे सगळं मिळून एकच सर्किट आहे. दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा.

पिकअपची उंची न पाहणं

स्क्रू-ड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (तारेखालच्या धातूच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. जाड तारांकडे साधारण २ ते २.५ मिमी, बारीक तारांकडे थोडं कमी, इथून सुरुवात करा. पिकअप वर घेतला की आवाज मोठा होतो, म्हणून बरेच जण तो वरच ठेवतात. पण सिंगल कॉइलमधले (एकाच वेटोळ्याच्या पिकअपमधले) चुंबक तारांच्या अगदी जवळ असतात आणि त्या ओढून धरतात. सहावी तार बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवून बघा. सूर डळमळतोय, ट्यूनरचा काटा ठरत नाहीये, असं झालं तर नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) अर्धा-अर्धा फेरा खाली घ्या.

फक्त ओहम बघून पिकअप निवडणं

कॉइलची तार बारीक वापरली तरी रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे १४ किलोओहमचा पिकअप ८ किलोओहमवाल्यापेक्षा दुप्पट दमदार असतोच असं नाही. टोन ठरवण्यात इंडक्टन्सचा (करंटमधल्या बदलाला कॉइल करते त्या विरोधाचा, हेन्रीत मोजतात) वाटा मोठा आहे. इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, फॅरडमध्ये मोजतात) मिळून एका फ्रिक्वेन्सीवर उठाव तयार होतो आणि त्याच्या वरचा आवाज झपाट्याने गळतो. २.५ हेन्रीच्या सिंगल कॉइलला मीटरमागे १०० पिकोफॅरडची ३ मीटर केबल लावली, कॉइलची स्वतःची थोडी कपॅसिटन्स धरली, तर हा उठाव ५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल ६ मीटरची केली की तो ३.८ किलोहर्ट्झच्या जवळ उतरतो. गिटार तीच, अँप तोच, तरी चमक गेली! अँपला दोष देण्याआधी मधले सगळे पेडल काढा आणि छोट्या केबलने थेट जोडून ऐका. साखळीत सुरुवातीलाच बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं छोटं सर्किट) असेल तर त्यापुढच्या केबलच्या लांबीचा पिकअपवर परिणाम होत नाही. मात्र जुन्या धाटणीच्या फझला (आवाज खरखरीत फाडणाऱ्या पेडलला) थेट पिकअपच लागतो, त्याच्या आधी बफर नको.

व्हॉल्यूम नॉब कायम १० वर

मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. नॉब कमी केला की ट्रेबल जातो, म्हणून लोक त्याला हातच लावत नाहीत. कारण सरळ आहे: ५०० किलोओहमचा पॉट मध्यावर असला की केबलच्या मागे सुमारे १२५ किलोओहम उभे राहतात आणि लांब केबल असेल तर २ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं मंदावतं. उपाय म्हणजे पॉटच्या इनपुट आणि आउटपुट टोकांमध्ये ट्रेबलला वाट देणारा १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर. मग अँप असा लावा की नॉब ७ वर ऱ्हिदम नीट कडक यावी आणि १० वर सोलो पुढे यावा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपमध्ये तर पिकअपचा जोर कमी-जास्त झाला की डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या आवाजाचा) पोतच बदलतो. ही मजा पेडलने येत नाही.

गेन आणि बेस दोन्ही वर

जाड आवाजाचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), त्यावर भरपूर गेन (अँपच्या सुरुवातीला सिग्नल वाढवणारा नॉब) आणि बेस ८ वर, म्हणजे आवाज चिखल होणारच. बेस डिस्टॉर्शनच्या आधी कमी करा, हवा असेल तर नंतर वाढवा. घरी हळू आवाजात लावलेलं सेटिंग स्टेजवर फसतं तेही कानामुळे: कमी आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. स्टेजवर बेस उतरवा, मिड वाढवा.

हम आला की पिकअपला दोष

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण (हम) तशीच राहिली तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा अँपमध्ये आहे. गेली, तर व्हॉल्यूम वाढवून गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरा. दिशेनुसार हम बदलला की पिकअप जवळच्या वायरिंगचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच प्लग काढा, अर्थिंग तपासल्याशिवाय वाजवू नका.

पिकअप खरोखर बदलावा लागतो तो मल्टीमीटरवर कॉइल तुटलेली निघाली तर, किंवा तारा दाबून धरल्या तरी मोठ्या गेनवर शिट्टी वाजत राहिली तर. दुसऱ्या बाबतीतही आधी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवण्याचा उपाय आहे, पण तो जाणकाराकडूनच करून घ्या. मेण फार तापलं तर प्लास्टिकचं बॉबिन (कॉइल गुंडाळलेलं रीळ) वाकतं.