महापालिकेच्या बजेटला काम सुचवताय? या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्यात

दरवर्षी गणपतीच्या आगेमागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, "पुणे महापालिकेच्या पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी कामं सुचवा, शेवटचे चार दिवस", आणि मग दोन दिवस नुसता धुरळा. कोण म्हणतं खड्डे बुजवा, कोण म्हणतं कुत्र्यांचा बंदोबस्त करा, एकाने तर मेट्रो आपल्या चौकातून वळवा असं लिहिलं होतं, आणि मग बजेट आलं की हीच मंडळी, "बघा, आपलं कोण ऐकतंय!" मी आठ-नऊ वर्षं हे फॉर्म भरतेय, स्वतःचे, शेजारच्या आजोबांचे, मागच्या वस्तीतल्या बायकांचे पण. पालिकेला नावं ठेवायला जागा भरपूर आहे, पण बरेच फॉर्म आपण लिहितानाच मारून टाकतो, पालिकेला हातही लावावा लागत नाही.

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी पटकन. पुण्यात हे २००६-०७ पासून चालू आहे, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात त्याला. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची, तिकडे लोक सभेला जमतात, वाद घालतात आणि हात वर करून ठरवतात की आधी गटार का आधी शाळा. आपल्याकडे सभा-बिभा काही नाही, फॉर्म आहे. तो जातो तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात (पुण्यात अशी १५ आहेत), तिथले इंजिनिअर बघतात की काम होण्यासारखं आहे का, मग प्रभाग समिती, मग आयुक्तांचं अंदाजपत्रक, मग स्थायी समिती आणि शेवटी मुख्य सभा. एका कामाला मर्यादा ५ लाखांची. नगरसेवकामागे साधारण २५ लाख असा हिशोब, म्हणजे दोन नगरसेवकांच्या प्रभागाला ५० लाख, चार नगरसेवकांच्या प्रभागाला १ कोटी. ऐकायला बरं वाटतं, पण २०२५-२६ चं पुण्याचं बजेट १२,६१८ कोटींचं होतं, त्यात हे म्हणजे चटणी-कोशिंबीर. तरी ताटात वाढलेली चटणी कशाला सोडायची!

तक्रार लिहायची नाही, काम लिहायचं

सगळ्यात जास्त फॉर्म इथेच जातात. "दिवा बंद आहे", "कचरा उचलत नाहीत", "कोपऱ्यावर खड्डा". अहो, हे सप्टेंबरात लिहिलं तर त्याचे पैसे मिळणार पुढच्या १ एप्रिलनंतर, तोपर्यंत काय अंधारात बसणार का? बंद दिवा ही देखभालीची गोष्ट झाली, ती पीएमसी केअरवर (पालिकेचं तक्रारींचं ॲप) टाका नाहीतर सरळ क्षेत्रीय कार्यालयात जाऊन सांगा. बजेटच्या फॉर्मवर लिहायचं ते जे आज तिथे नाहीच किंवा नव्याने करायला लागणार आहे. म्हणजे जिथे खांबच नाही तिथे खांब, जिथे बसायला काही नाही तिथे बाक, बस थांब्यावर शेड, तुटका फुटपाथ नव्याने. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, याचं एस्टिमेट करता येईल का? "कुत्र्यांचा बंदोबस्त" याचं एस्टिमेट कोण आणि कसं करणार.

"आमच्या भागातला फुटपाथ दुरुस्त करावा"

हे वाक्य माझं. पहिल्या वर्षी अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मग तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरचा फोन आला, "मॅडम, कुठून कुठपर्यंत?" मी म्हणलं, शाळेजवळचा. "शाळेच्या कुठल्या बाजूचा? किती मीटर?" आता मला काय माहीत किती मीटर, मी रोज तिथून चालते, मोजत थोडीच चालते. ते बिचारे म्हणाले नंतर कळवा, आणि मी नंतर कळवलं नाही, लेकीची परीक्षा होती, राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी मी आणि शेजारचे आजोबा शिवणकामाची टेप घेऊन गेलो, दीड मीटरची, लोकं बघून हसत होती. पण फॉर्मवर काय लिहिलं ते बघा: "मेडिकलच्या दुकानापासून शाळेच्या गेटपर्यंत, शाळेकडे जाताना डाव्या हाताचा फुटपाथ, अंदाजे ६० मीटर, फरशा उखडलेल्या, मधे ड्रेनेजचे दोन चेंबर फुटपाथच्या वर आलेत, झाकणं हलतात, दप्तरवाली मुलं रस्त्यावरून चालतात." सोबत तीन फोटो, एका फोटोत दुकानाची पाटी दिसेल असा. यादीत आलं. (या फॉर्ममध्ये पण एक चूक होती, ती शेवटी सांगते.)

एक तर बाजू सांगा, कारण रस्त्याला दोन बाजू असतात आणि एस्टिमेट एका बाजूचं होतं. खुणा अशा द्या की ज्या वर्षभर तिथेच राहतील, "वडापावच्या गाडीपासून" लिहू नका, गाडी हलते.

२०० सारखे फॉर्म

आमच्या इथे एकदा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की एकच मजकूर छापू, घराघरातून सह्या घेऊ, म्हणजे दबाव येईल. अरे पण हे मतदान नाहीये. २०० फॉर्म आले तरी काम एकच, ५ लाखांचं, आणि टेबलावरच्या माणसाला २०० कागदांची नोंद करायला लावली म्हणून तो काय खूश होणार? त्यापेक्षा एका फॉर्मला दहा-बारा सह्यांचं पत्र जोडा आणि बाकीच्या घरांकडून वेगवेगळी कामं सुचवून घ्या. आम्ही त्यानंतर आधी ग्रुपवर यादी करतो, कोण काय लिहिणार ते वाटून घेतो, भांडणं होतात, पण ती भांडणं हेच खरं तर पोर्तो अलेग्रेवाल्यांचं काम आहे जे आपल्याकडे कुणी लावून देत नाही.

जे पालिकेचं नाहीच ते पालिकेकडे मागणं

यात आपण सगळे फसतो कारण रस्त्यावर उभं राहिलं की सगळं पालिकेचंच वाटतं. बसची फ्रिक्वेन्सी वाढवा, हे पीएमपीएमएलचं, ती २००७ पासून वेगळी कंपनी आहे. लोंबकळणारी वायर बऱ्याच वेळा महावितरणची. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटची (लष्करी छावणीच्या भागाची) हद्द तर रस्त्याच्या मधूनच बदलते, या फुटपाथला पालिका आणि समोरच्याला कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्यामुळे सीमेवर राहत असाल तर आधी नीट विचारून घ्या, नाहीतर फॉर्म फुकट. स्पीडब्रेकर आणि सिग्नल पालिका बसवते पण वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, म्हणून स्पीडब्रेकर सुचवायचा असेल तर आधी वाहतूक शाखेला पत्र देऊन त्याची पोच फॉर्मला लावा, निदान पुढचं काम सुरू झालेलं दिसतं.

आणि सगळ्यात दुखरी गोष्ट, सोसायट्यांच्या मधला तो रस्ता. आपण वीस वर्षं त्याच्यावरून गाड्या नेतोय म्हणून तो सार्वजनिक होत नाही, बिल्डरने पालिकेच्या ताब्यात दिलेला आहे का ते बघायला लागतं. नसेल तर त्यावर पालिका खर्च करू शकत नाही, तिथे कितीही फॉर्म भरा. हे कळायला आमची दोन वर्षं गेली, आणि कळल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सूचना वेगळी आणि हरकत वेगळी

बजेटला दिलेली सूचना ही विनंती आहे, मान्य करा नाहीतर नका करू, कोणी तुम्हाला बोलावून ऐकून घ्यायला बांधील नाही. विकास आराखड्याचं, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशाचं, तसं नाही. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा, त्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकती-सूचना द्यायला मुदत असते आणि मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये जवळपास ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. मुंबईत तर २०१५ ला प्रारूप आराखड्यावर इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी तो परत नव्याने करायला सांगितला. तेव्हा तुमच्या मैदानावर आरक्षण बदललंय, रस्ता रुंदीकरणात घर जातंय, असं काही असेल तर ते बजेटच्या फॉर्मवर लिहून गप्प बसू नका, मुदतीत हरकत द्या, सुनावणीला जा, आणि सर्व्हे नंबर लिहा. फॉर्मवर लिहून "मी कळवलं होतं" म्हणणारे काका आमच्याकडे आहेत, त्यांना अजून पटलेलं नाही.

पथारीवाल्यांचंही तसंच. "फेरीवाले हटवा" हे बजेटचं काम नव्हे, त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे आणि शहर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच. त्यांचं ऐकूनच काय ते ठरतं, आणि बरोबर आहे ते.

फॉर्म भरतं कोण

हे जरा टोचेल. आमच्या भागातून पहिली काही वर्षं काय गेलं, तर बाक, बाक, नाव लिहिलेली कमान, परत बाक. कारण भरणारे सगळे आम्हीच, ज्यांच्याकडे निवांत वेळ आणि चांगला फोन. मागच्या वस्तीत स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, बायका एकीला बाहेर उभी करून आत जातात, हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, तेही फॉर्मबद्दल बोलत असताना सहज. मी म्हणलं हे लिहू ना आपण. त्या म्हणाल्या, "लिहिता येतंय का असलं?" येतंय की. पण त्यांना हा प्रश्न पडला यातच सगळं आलं. आता आम्ही फॉर्म घेऊन संध्याकाळी सातनंतर वस्तीत बसतो, दुपारी गेलं तर तिथे कोणी भेटत नाही.

भरून झाला, पुढे काय

पोच घ्या. आवक नंबर पडला पाहिजे, ऑनलाईन भरला तर स्क्रीनशॉट काढा. मग डिसेंबरच्या सुमाराला एकदा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा, आलंय का यादीत, नसेल तर का नाही. याद्या अजून तयार होत असतात, तेव्हा खुलासा देता येतो, नंतर बोंबलून काही होत नाही. आयुक्तांचं अंदाजपत्रक एरवी जानेवारीत येतं, पण मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले त्या काळात ते मार्चमध्ये यायला लागलं, त्यामुळे तारीख धरून बसू नका.

यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असंही नाही. तिथून पुढे एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर. मधेच वर्गीकरण होऊ शकतं, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवले जातात, रीतसर, ठराव करून. जून-जुलैत टेंडर निघालंय का ते विचारलं नाही तर थेट ३१ मार्चला कळतं की निधी संपला. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. पण त्यात "काम का झालं नाही" असं विचारू नका, 'का'चं उत्तर मिळत नाही, कागद मागा: अमुक कामाच्या एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत, तरतूद वळवली असेल तर त्या ठरावाची प्रत.

आणि आमचा फुटपाथ. तो झाला, ६० मीटर, नव्या फरशा, कडेला पिवळा-काळा रंग. फक्त ते दोन चेंबर होते तसेच वर आलेले, कारण फुटपाथ पथ विभागाचा आणि चेंबर ड्रेनेजचे, आणि मी शहाणी दोन्ही एकाच फॉर्मवर लिहून बसले, काम गेलं एकाच खात्यात. यंदा चेंबरचा वेगळा फॉर्म आहे. फोटो मे महिन्यातच काढून ठेवलेत, कारण फॉर्म निघतात तेव्हा तिथे पाणी साचलेलं असतं आणि चेंबर दिसत नाहीत.