प्राथमिक वर्गातील संगीत आणि हालचाल: या चुका टाळा

स्नेहसंमेलनासाठी नाच बसवणे म्हणजेच संगीत शिकवणे, हा समज अनेक शाळांत रूढ आहे आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते. ध्वनिमुद्रित गाणे मुलांसाठी थांबत नाही. त्यामुळे मुले गाणे ऐकण्याऐवजी समोर हात हलवणाऱ्या बाईंकडे पाहत राहतात आणि बाई बाजूला झाल्या की सारा मेळ बिघडतो. जीनिव्हा येथे संगीत शिकवणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी लय आधी शरीराने अनुभवावी, असा आग्रह धरून चालण्या-धावण्यातून शिक्षणाची पद्धत घडवली. आपल्या वर्गात त्यासाठी एक डफ पुरेसा आहे. प्रथम मुलांना मनाजोगे चालू द्यावे, त्यांच्या पावलांना जुळेल असा ठेका आपण धरावा आणि मगच तो हळूहळू बदलावा. संथ लय सोपी असते असे मानून सुरुवात करू नये; लहान मुलांची पावले आखूड असतात आणि एका पायावर तोल सांभाळत थांबणे त्यांना अवघड जाते.

टाळी चुकते असे वाटले, तर मूल मात्रेवर, म्हणजे गाण्यात समान अंतराने पडणाऱ्या ठोक्यावर, टाळी देत आहे की शब्दातील प्रत्येक अक्षरावर, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट चूक नव्हे, तोही ताल ओळखण्याचाच भाग आहे. अर्ध्या वर्गाने पावलांनी मात्रा धराव्यात, उरलेल्यांनी शब्द वाजवावेत आणि नंतर अदलाबदल करावी. दोन्ही कामे एकाच मुलाकडून लगेच करून घेऊ नयेत.

मुले बेसूर गातात, या तक्रारीत दोष पुष्कळदा पट्टीचा, म्हणजे गाणे किती उंच किंवा खालच्या स्वरात धरले याचा, असतो. पुरुष शिक्षकांच्या खर्जातील आवाजाशी जुळवून घेताना मुले पुटपुटतात किंवा ओरडतात. पेटीच्या मध्य सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा (त्या सप्तकातील दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या पट्टीचे स्वर) एवढ्या पट्ट्यात बसणारे छोटे गाणे निवडावे आणि पेटी सोडून कधी नुसत्या आवाजानेही ते म्हणावे.

संगीत खुर्चीसारख्या खेळात बाद होणारे मूल कडेला बसते, म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे, तोच सरावाला मुकतो. कोणालाही बाद न करता, आवाज थांबताच सर्वांनी पुतळा व्हावे, एवढाच नियम ठेवावा. लेझीमही पहिल्याच दिवशी हातात देऊ नये. वाकणे, पाऊल टाकणे आणि वळणे रिकाम्या हातांनी आठ मोजत पक्के झाल्यावरच ती द्यावी.