भाऊबीजेचे चॉकलेटचे डबे: तयारीची यादी

कागदावर पहिली ओळ चॉकलेटची लिहू नका, माणसांची लिहा. किती घरी डबा जाणार, त्यातले किती हातोहात आणि किती कुरियरनं, एवढं ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. आमच्याकडे दहा डबे असतात. प्रत्येकात बारा नग: चार बदाम भरलेले खजूर, चार आलेपाकाच्या वड्या, चार संत्र्याच्या सालीच्या काड्या. म्हणजे प्रत्येक प्रकाराचे ४०. पूर्ण बुडवलेला खजूर साधारण १० ग्रॅम चॉकलेट ओढतो, अर्धी बुडवलेली वडी ५ आणि सालीची काडी २. हिशेब ७०० ग्रॅमच्या आत बसतो, तरी एक किलो आणा. भांड्यात पुरेशी खोली नसली तर शेवटचे खजूर बुडत नाहीत, नुसते लोळतात.

आता चॉकलेट. दुकानात ‘डार्क’ लिहिलेल्या दोन लाद्या शेजारी शेजारी असतात आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. पाकीट उलटून घटक वाचा. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली स्निग्धता, असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल आणि कोको पावडर असेल तर ते कंपाउंड. कंपाउंडला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ते नुसतं वितळवायचं आणि बुडवायचं, शिवाय प्रवासात जास्त टिकाव धरतं. पण जिभेवर ते विरघळत नाही, मेणासारखं रेंगाळतं. म्हणून गावातल्या गावात जाणाऱ्या डब्यांना खरं चॉकलेट, दूर जाणाऱ्यांना कंपाउंड, अशी माझी वाटणी. दोन्ही एका भांड्यात मात्र कधीच मिसळू नका. दोन्हीतली स्निग्धता एकमेकींशी जमवून घेत नाही आणि वड्या मऊ, डागाळलेल्या निघतात. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक घटलं आणि कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून मी खऱ्या चॉकलेटचा चुरासुद्धा बरणीत झाकून ठेवते.

संत्र्याच्या सालीचं काम सगळ्यात आधी, कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी. लक्ष्मीपूजनाला तेव्हा फार तर पंधरवडा उरलेला असतो आणि अंबिया बहाराची नागपुरी संत्री बाजारात यायला लागलेली असतात. जाड सालीची बघून घ्या. साली अर्ध्या सेंटीमीटरच्या काड्यांमध्ये कापा, पाच मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या, पुन्हा नव्या पाण्यात उकळा. असं तीनदा केलं की कडूपणा बेताचा राहतो. अगदी घालवू नका, डार्क चॉकलेटला तोच शोभतो. मग साखर आणि पाणी समभाग घेऊन त्यात मंद आचेवर साली पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा. जवळपास पाऊण तास लागतो. नंतर जाळीवर पसरून दोन दिवस सुकवायच्या. बोटाला चिकटत असतील तर अजून एक दिवस. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं.

फसतं ते पाण्यामुळे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण स्निग्धतेत तरंगत असतात. त्यात चार थेंब पाणी पडलं की ते कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि तुकतुकीत रस बघता बघता ओल्या वाळूसारखा घट्ट होतो. म्हणून या यादीतलं निम्मं काम कोरडं करण्याचंच आहे. खजूर मेडजूल किंवा तसाच कोरडसर घ्या. किमिया खायला छान, पण इतका ओलसर की चॉकलेट त्याच्यावरून घसरतं. बी काढून खजूर रात्रभर कागदावर उघडे ठेवा. बदाम कढईत मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण गार झाल्यावरच आत भरा. कोमट बदामाची वाफ खजुरात कोंडते. आलेपाक घरचा असेल तर दोन दिवस आधी करून वाळवा, विकतचा असेल तर कडक बघून घ्या. त्यातला कोणताही जिन्नस फ्रिजमधून काढून थेट बुडवायचा नाही. गार वस्तूवर आधी दव धरतं आणि वरचं कवच तडकतं ते वेगळंच.

स्ट्रॉबेरीचं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. महाबळेश्वरचं फळ दिवाळीला कुठलं मिळायला? ते नाताळाला करा, आणि त्याच दिवशी वाढा. ताजं फळ चॉकलेटखाली पाणी सोडतं, ते डब्यात घालून भेट द्यायचा जिन्नस नव्हे.

भांड्यांची जमवाजमव आदल्या दिवशी. वजनकाटा, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, सिलिकॉनचा उलथना. लाकडी चमचा नको, तो धुतल्यावर दिवसभर पाणी धरून बसतो. वितळवायला स्टीलचं किंवा काचेचं पातेलं, खालच्या पातेल्यापेक्षा रुंद, म्हणजे वाफ कडेनं वर येऊन आत शिरत नाही. खालचं पाणी वरच्या बुडाला लागू द्यायचं नाही आणि पातेलं उचललं की पहिल्यांदा बूड पुसायचं. मायक्रोवेव्ह असेल तर हे सगळं वाचतं: निम्म्या ताकदीवर तीस-तीस सेकंद, दर वेळी ढवळून. बुडवायला खास काटा विकत घेऊ नका, प्लॅस्टिकच्या काट्याचे मधले दात मोडले की झालं. बटर पेपर मात्र चांगला घ्या, हलक्या कागदाला वड्या चिकटून त्याची सालं निघतात. त्यापेक्षा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा, खाण्याच्या वस्तूंना चालणारा कागद बरा. त्यावर वडीचं बूड आरशासारखं येतं. डबे, आतल्या कागदी वाट्या आणि फिती पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील, मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट आहेच. पण डबा घेण्याआधी एक वडी बरोबर नेऊन त्यात ठेवून बघा. मेडजूल खजूर झाकणाला लागतो, हे मला दहा डबे आणल्यावर कळलं.

दिवस कोणता, याला फार महत्त्व आहे. फराळ चालू असताना हे काम काढायचंच नाही. चकलीचं तेल, चिवड्याची फोडणी, लसणाची चटणी, सगळ्याचा वास चॉकलेट ओढून घेतं. खोबऱ्यासारखंच, त्यात स्निग्धता भरपूर ना. तळण संपल्यावर एक दिवस खिडक्या उघड्या ठेवा. वेळ म्हणाल तर वसुबारसेची पहाट. दुपारच्या ऑक्टोबर हीटमध्ये खोली तिशीत असते, तिथे वडी जमणार कशी? पुण्या-नाशकात पहाटे पाचला हवा पुरेशी गार मिळते. मुंबईत आणि कोकणात एसी लावा, २० ते २२ अंशांवर, आणि काम सुरू करायच्या तासभर आधी.

खऱ्या चॉकलेटला टेम्परिंग लागतं, म्हणजे वितळवून ठरावीक तापमानापर्यंत ढवळत गार करणं. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा. तोच चमकतो, मोडताना टक् आवाज करतो आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात गेल्यावरच, वितळतो. घरी करायची सोपी रीत अशी: लादी बारीक चिरा, दोन भाग वितळवून ४५ अंशांपर्यंत न्या, आचेवरून उतरवा आणि राहिलेला तिसरा भाग थोडा थोडा घालत ढवळत राहा. न वितळलेल्या तुकड्यांमध्ये तो पाचवा प्रकार आधीच असतो, दह्याच्या विरजणासारखं तो बाकीच्याला वळण लावतो. डार्क ३१-३२ अंशांवर आलं की सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाचेक मिनिटांत चकचकीत गोठलं तर सुरू करा, नाही तर अजून थोडं ढवळा. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३० वर थांबायचं. कंपाउंडला यातलं काही नको, ४०-४५ अंशांवर वितळवा आणि बुडवा.

आधी साली, मग आलेपाक, शेवटी खजूर. सालींना पातळ थर पुरतो आणि खजुराचा एखादा धागा भांड्यात पडला तरी पुढे बिघडायला काही राहत नाही. बुडवलं, काटा कडेवर दोनदा आपटला, तळ निपटला, कागदावर ठेवलं. मधेच घट्ट व्हायला लागलं तर केसांच्या ड्रायरची गरम हवा बाहेरून दोन सेकंद. मुलांना शेजारी बसवायचं असेल तर खजुरावर पिस्त्याचा काप ठेवण्याचं काम द्या. पण ते ओले हात पुसून आलेत ना, एवढं बघा.

डबे दुसऱ्या दिवशी भरा. दुकानाच्या डब्यावर घटक छापलेले असतात, आपल्या डब्यावर नसतात. तेव्हा झाकणाच्या आत चिठ्ठी लावा: यात बदाम-पिस्ते आहेत, गार आणि कोरड्या जागी ठेवावं, फ्रिजमध्येच ठेवायचं तर घट्ट डब्यात, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये. कुत्रा असलेल्या घरी डबा उंचावर ठेवायलाही सांगा, चॉकलेट त्याला विषारी असतं. चिठ्ठीत माझी एक ओळ ठरलेली आहे: ‘पांढरट डाग दिसले तर ती बुरशी नाही.’ एका वर्षी खऱ्या चॉकलेटचा डबा मामीकडे नागपूरला पाठवला, वाटेत तो तापला आणि पुन्हा गार झाला. कोको बटर वर येऊन पांढरी झाक धरली. मामीनं अख्खा डबा कचऱ्यात टाकला आणि मला दुखवायचं नाही म्हणून फोनवर छान झाले होते म्हणून सांगितलं. खरं काय ते भाऊबीजेला तिच्या नातवानं सांगितलं.

भांड्यात उरलेल्या चॉकलेटमध्ये मूठभर खारे शेंगदाणे घालून चमच्याचमच्यानं कागदावर टाका. ते घरच्यांचे, त्यांची नोंद यादीत नसते. मग पातेलं घासायला टाकण्याआधी त्यात कपभर कडकडीत दूध ओता आणि कडा खरवडून ढवळा. सकाळपासून थेंबभर पाण्याला ज्याच्यापासून लांब ठेवलं, त्याला आता मनसोक्त भिजू द्या. तोवर घरात कोणी ना कोणी उठलेलं असतंच, कप दोन काढा.