लायसन्स काढताय? मग मधले तीस दिवस वाया घालवू नका

कोपरखैरणेत गाडी शिकायला माझ्या शेजारी बसणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "मास्तर, पक्कं लायसन्स कधी मिळेल?" कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. लर्निंग लायसन्स निघालं की ते सहा महिने चालतं, आणि निघून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची ट्रायल, म्हणजे गाडी चालवून दाखवायची चाचणी, देता येत नाही. मग सगळे एकतिसाव्या दिवसाची तारीख मिळवायला धावतात. मधल्या दिवसांत काय करायचं याचा कुणी विचारच करत नाही. मी लिहितोय ते त्या मधल्या दिवसांसाठी. कागदपत्रांचं सांगतो, पण लवकर उरकतो.

आधी मी एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई पालिकेची, बस चालवायचो. दांडीला धरून उभी असलेली माणसं पुढे कोसळू नयेत असा ब्रेक दाबायची सवय पायाला तिथे लागली. आता ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत डाव्या सीटवर बसतो, माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, आणि पोरं-पोरी, काका-काकू सगळ्यांना तेच शिकवतो.

अर्ज सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर करायचा. महाराष्ट्रात 2021 च्या जूनपासून आधारच्या ओटीपीवर लर्निंगची परीक्षा घरी बसून देता येते, फक्त मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. आमच्या भागात निम्मे लोक सातारा-सांगलीकडचे, त्यांच्या आधारवर गावचा पत्ता असतो. आधारवरून अर्ज केला की पत्ता तिथूनच येतो. लायसन्सवर कोपरखैरणे हवं असेल तर आधी आधार बदलून घ्या, मग अर्ज करा. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, त्याला फॉर्म 1ए म्हणतात. त्याखालच्यांना फॉर्म 1 वर स्वतःच लिहून द्यायचं असतं. त्यात एक प्रश्न असा आहे: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? सगळे न बघता 'होय' करतात. मी पहिल्या दिवशी रस्त्यावर उभं करून खरंच वाचायला लावतो. चष्म्याचा नंबर वाढलाय हे काहींना तिथे कळतं.

फी लक्षात ठेवा, म्हणजे कुणी गंडवणार नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे लर्निंगला गाडीच्या एका प्रकाराला 150 रुपये आणि परीक्षेचे 50. पक्क्याच्या वेळी ट्रायलचे एका प्रकाराला 300 आणि लायसन्सचे 200. कार आणि बाइक दोन्ही घेतलंत तर 150 आणि 300 दुप्पट होतात. वर किरकोळ आकार लागतो तेवढाच. एजंट याच्या कितीतरी पट मागतो तेव्हा तो कशाचे पैसे मागतोय ते समजून घ्या. "परीक्षा आम्हीच देऊन टाकतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" असं म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. उद्या ठाण्याच्या तीन हात नाक्याला लायसन्स तुमच्या खिशात असेल आणि चिन्हं त्याच्या डोक्यात.

परीक्षेत साठ टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. अभ्यास एका संध्याकाळचा आहे. चिन्हं पाठ करत बसू नका, आकार ओळखा: गोल चिन्ह हुकूम देतं, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो. उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या, आणि आठ बाजूंचा लाल 'थांबा' कधीच विसरायचा नाही. ओव्हरटेक उजवीकडून, पण पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देत असेल तर डावीकडून जाता येतं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या आईबापांसाठी एक गोष्ट. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. तुमच्या सोसायटीत पोरं उडवतात त्या स्कूटर 110 आणि 125 सीसीच्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मास्तर, क्लासलाच तर जातो" हे कोर्टात चालत नाही.

आता शिकण्याकडे येऊ. मोटार ट्रेनिंग स्कूल निवडताना गाडी नवी की जुनी हे विचारू नका. विचारा की एका फेरीत गाडीत किती जण बसवता. नियमात कारचं शिक्षण किमान 21 दिवसांचं आहे आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवरचे किमान दहा तास. रोज अर्धा तास धरला तर साडेदहा होतात, म्हणून सगळीकडे एकवीस दिवसांचा कोर्स दिसतो. पण अर्ध्या तासात तिघांना फिरवलं तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि वहीत मात्र अर्धा तास लागतो. स्वतःच्या घड्याळात बघत जा आणि कमी पडलं तर भांडा.

पहिले काही दिवस मी शिकणाऱ्याला ऍक्सिलरेटरला पायच लावू देत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पहिला गियर टाकायचा आणि क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी नुसत्या क्लचवर सरकली पाहिजे. टाच जमिनीला टेकलेली, पावलाच्या पुढच्या भागाने सोडायचं. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट हलकंसं उचलल्यासारखं वाटतं. तो हाफ क्लच. तिथे पाय थांबवायला शिकलात की गाडी बंद पडणं जवळजवळ संपतं. गाडी बंद पडली म्हणून घाबरू नका. मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे, तोही कधीतरी 'एल' बोर्ड लावूनच शिकला होता. ब्रेक दाबा, क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल, चावी, परत पहिला. घाईत चावी फिरवताना गियरमध्येच असलेली गाडी उडी मारते, ते टाळायचं.

'एल' पुढे आणि मागे दोन्हीकडे लागतो, पांढऱ्यावर लाल, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. घरच्या गाडीत सराव करताना शेजारच्याच्या पायाशी ब्रेक नसतो, म्हणून त्याचा हात हँडब्रेकवर असू द्या आणि तोंड शक्यतो बंद. नवऱ्याने बायकोला शिकवायचं की नाही यावर माझं मत विचाराल तर नाही. काकू, तुमच्या मुलालाही नाही. घरातली भांडणं गाडीत येतात आणि पाय चुकीच्या पेडलवर पडतो. लर्निंगवर स्कूटर चालवत असाल तर मागे शिकवणाराच बसू शकतो, मैत्रीण नाही.

चढ हा नवी मुंबईतल्या शिकाऊंचा खरा शत्रू, कारण इथले बहुतेक रस्ते सपाट. वाशी, सानपाड्यात शिकलेला माणूस पहिल्यांदा खाडीपुलाच्या किंवा उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलच्या रांगेत अडकतो आणि घामाघूम होतो. मी म्हणूनच बेलापूरच्या पारसिक हिलला नेतो. ठाण्याचे असाल तर येऊरचा रस्ता आहे, पण सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी सोडून जा. पद्धत अशी: गाडी थांबली की हँडब्रेक ओढा. निघायचं तेव्हा पहिला गियर, क्लच हाफपर्यंत, ऍक्सिलरेटर किंचित, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक खाली. गाडी एक बोटभरही मागे सरकली नाही पाहिजे. शंभर वेळा करा. तुमच्या घरच्या गाडीत हिल होल्ड असेल, ती आपोआप दोन क्षण धरून ठेवते, पण ट्रायलला शाळेची जुनी गाडी मिळाली तर तुमच्या पायालाच ते यायला हवं.

दुसरं, आरसे. बसमध्ये मला आत-बाहेर मिळून आरशांकडे सतत बघावं लागायचं, नाहीतर दारात चढणारा माणूस दिसायचाच नाही. कारमध्ये बसल्यावर सीट, मग आरसे, मग बेल्ट, या क्रमाने करा. गियर बदलताना, वळताना, ब्रेक लावण्याआधी आरसा. इथे रिक्षा दोन्ही बाजूंनी येते आणि बाइकवाला फटीतून. घोडबंदर रोडला तर जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर. त्यांच्या डाव्या कुशीत शिरू नका, ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नाही. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हे मी प्रत्येकाकडून घोकून घेतो. घोडबंदर, ठाणे-बेलापूर रोड, सायन-पनवेल हायवे आणि पाम बीच रोड ही शेवटच्या आठवड्यातली कामं आहेत. पाम बीच दिसायला सोपा, पण मोकळा रस्ता नवशिक्याच्या पायाला वेग लावतो. सरावाला एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी बरे. सेक्टरमधली गोल सर्कल तर फुकटचं शिक्षण: आत फिरत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग शिरायचं. इथे कुणी पाळत नाही म्हणता? तुम्ही पाळा, ट्रायल तुमची आहे.

रिव्हर्स सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू, फक्त क्लचवर. मान वळवून मागच्या काचेतून बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिकलात तर कॅमेरा नसलेल्या गाडीत आंधळे व्हाल. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीचा मागचा भाग जातो, आणि पुढचं तोंड उलट बाजूला झोपतं, तिकडे बघायला लोक विसरतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब घासतात ते याच कारणाने.

आता ट्रायल. सारथीवर तारीख घ्यायची. सोबत लर्निंग, मूळ कागद, आणि ज्या गाडीवर देणार तिचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. यातलं एक संपलेलं असेल तर सगळा दिवस फुकट, म्हणून आदल्या रात्री तारखा बघा. मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे आपले साहेब, बघतात ते नियमातच लिहिलेलं आहे: आरसा लावणं, सुटताना खबरदारी, गियर वर-खाली, चढावर थांबून मागे न सरकता निघणं, वळणं, हाताचे इशारे, अचानक थांबणं, अरुंद जागेत रिव्हर्स, पादचाऱ्यांना वाट. सगळं प्रत्येकाला करायला लावतीलच असं नाही, पण काय येईल ते सांगता येत नाही.

हाताचे इशारे आता कुणी वापरत नाही म्हणून पोरं हसतात. साहेबांनी विचारलं की हसू जातं. उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडे वळतोय. हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला म्हणजे डावीकडे. तळवा खाली ठेवून वर-खाली म्हणजे हळू होतोय. कोपरातून हात वर उभा म्हणजे थांबतोय.

बाइकवर आठचा आकडा काढताना चाकाकडे बघितलंत की पाय टेकलाच समजा. नजर पुढच्या वळणावर, वेग एकसारखा, मागचा ब्रेक हलका दाबलेला. आणि एक व्यवहाराची गोष्ट: स्कूटरवर ट्रायल दिलीत तर लायसन्स बिनगियरचंच मिळतं, बुलेट त्यावर चालत नाही. गियरच्या बाइकवर दिलीत तर स्कूटरही चालते. कारमध्ये असा फरक लिहिला जात नाही, तरी मी ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला आठवडाभर क्लचवर बसवतो. गावाला गेल्यावर मामाची जुनी गाडी काढायची वेळ येते तेव्हा फोन मलाच येतो.

नापास झालात तर सात दिवसांनी परत. तीनदा झालं तर शेवटच्या ट्रायलपासून साठ दिवस थांबावं लागतं. म्हणून सांगतो, एकतिसाव्या दिवशीच गेलं पाहिजे असं नाही. चढ पायात बसला नसेल तर आणखी दोन आठवडे घ्या, लर्निंग अजून जिवंत आहे. ते संपायला महिना राहिला की मात्र तारीख घेऊन ठेवा, कारण स्लॉट लगेच मिळेलच असं नाही.

पास झालात की कार्ड पोस्टाने घरी येतं, तोवर डिजिलॉकरमध्ये काढून ठेवा, पोलिसाला ते चालतं. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतं, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलेलं दहा वर्षं. मुदत संपून वर्षाहून जास्त गेलं तर ट्रायल नव्याने. आणि बाइकचं लायसन्स मिळालं म्हणून पहिल्याच रविवारी अटल सेतूवर निघू नका, तिथे दुचाकीला परवानगी नाही. कार्ड आलं की पाकीट उघडून नाव, जन्मतारीख आणि गाडीचे प्रकार बरोबर छापलेत का, तेवढं त्याच दिवशी बघा.